आहेराचा नंबर

१ डिसेंबर, सोमवार

रुक्सारनं ही डायरी दिली. म्हणली, "अब्बा, डॉक्टरांनी सांगितलंय, राग आला की माणसांवर ओरडायचं न्हाई. हितं लिवा." मंग लिवतो. राग तिचाच आलाय.

मी उंब्रजचा हुसेन, वय एकसष्ट. आदी रेडिओ दुरुस्त केले, मंग टीव्ही, मंग केबल टाकली, आता घरोघर इंटरनेट देतो. उंब्रज, कोरेगाव आन् तिकडं सांगलीजवळ माधवनगर, तिन्ही मिळून पाचशेच्या वर घरं हायत. रुक्सार माजी एकुलती एक. पुण्यात शिकली, मोठ्या कंपनीत इंजिनेर हुती, आता हापिसात माज्या समोरच्या टेबलावर बसती. पंचवीस जानेवारीला तिचं लगीन, माधवनगरच्या झिशानशी. घरचे यंत्रमाग हायत, पोरगा गुणी हाय. चांगलंच झालं म्हणायचं.

तर ही बया आज म्हणती काय, "अब्बा, समद्या गिऱ्हाइकांचे नंबर बदलायचे."

नंबर म्हंजे इंटरनेटवरचा घराचा पत्ता. इंजिनेर लोक आयपी म्हणतात, मी नंबर म्हणतो. दिल्लीच्या हापिसातनं मला असले एक हजार चोवीस नंबर मिळाले, आन् त्यातला एकेक मी माज्या हातानं वाटलाय. बदलायचे म्हणं! गटागटा पाणी पिलो आन् भाईर जाऊन हुबा ऱ्हायलो.

३ डिसेंबर, बुधवार

दोन दिस झालं, राग काय जाईना. समदं लिवूनच काढतो.

बाकीचे धंदेवाले कायमचा नंबर देत न्हाईत, आज ह्यो तर उद्या त्यो. मी देतो. गोठ्यातला, विहिरीवरचा कॅमेरा परगावातनं बघायचा तर नंबर कायमचा पायजे. आन् एकदा दिला की त्यो त्या घराचा. उंब्रजचं गिऱ्हाईक कोरेगावला ऱ्हायला गेलं, नंबर संगं गेला.

पोरींची तर गोष्टच न्यारी. माज्या तारेवरच्या घरातली पोरगी सासरी निघाली की माहेरचा नंबर मी तिला आहेरात देतो. कार्डावर छापून, वर गुलाबाचं चित्र. माहेराला माज्याकडच्या हजारातनं नवा काढून देतो. पोरीचं आडनाव बदलतं, गाव बदलतं, कायतरी एक तरी तिच्यासंगं जाऊ दे की! पोरी जितं पडल्या तितं मी तार नेली, म्हणून तर कोरेगाव झालं, माधवनगर झालं. मांडवात माइकवर पुकारतात, "हुसेनभाईंकडून एक नंबर," आन् टाळ्या पडतात.

सुरवातीला ७८६ मागाय लय जण आले. नंबर म्हंजे टिंब देऊन लिवलेले चार आकडे, त्यातला कुठलाच दोनशे पंचावन्नच्या वर जात न्हाई, त्याला मी तरी काय करू?

रुक्सारचा नंबर सतरा, म्हंजे शेवटचा आकडा सतरा. धंदा सुरू केला त्या दिशी समद्यात पैला तिचा काढून ठिवला, जन्मतारीख सतरा म्हणून. तिला कार्ड देणार न्हाई. कराडला पितळेची पाटी कराय टाकलीय. तिला ठाव न्हाई.

७ डिसेंबर, रविवार

अकरा वाजून दहा मिंटांनी रंगूबाई आक्काचा फोन. आक्का मूळची आमच्याच गल्लीतली, तीन वर्सं झाली कोरेगावला लेकीकडं ऱ्हाती. नातू ऋषिराज फौजेत, लांब बर्फात. तितनं फोन लागत न्हाई. छावणीतल्या नेटवर रविवारी अकरापास्नं अर्धा तास मिळतो, तेवढ्यात त्यो मोबाइलात आक्काचा नंबर टाकतो आन् तिच्या सोप्याच्या खांबावरचा कॅमेरा उघडतो. कॅमेऱ्यातनंच बोलतो. आक्का चांगलं लुगडं नेसून खांबापुढं बसलेली असती. आज त्यो आलाच न्हाई.

"हुसेना, आरं आज खांब मुकाच हाय."

मी हापिसातला मोठा राउटर बंद-चालू केला. पाच मिंटांत खांब बोलाय लागला. आक्का म्हणली, तुज्या हातात जादू हाय. मला काय शिकवती ही कालची पोरगी!

८ डिसेंबर, सोमवार

माधवनगरच्या पिठाच्या गिरणीचं नेट बंद. बंद-चालू केला. सुरू झालं. गिरणीवाल्यानं लय आभार मानले.

९ डिसेंबर, मंगळवार

कोरेगावात तीन घरं बंद. बंद-चालू. सुरू. दुपारी उंब्रजचीच दोन बंद. बंद-चालू. सुरू. थंडीनं करत असंल.

१० डिसेंबर, बुधवार

रुक्सारनं मला खुर्चीत बसवलं आन् दार लावून घेतलं.

"अब्बा, राउटरच्या पोटात एक यादी असती. कुठला नंबर कुठल्या तारेनं धाडायचा त्याची. आपल्या राउटरात पाचशे बारा ओळी बसतात. तुमी नंबर असे वाटलेत की कोरेगावच्या शेजारी माधवनगरचा, त्याच्या शेजारी उंब्रजचा. म्हणून दर घराला येगळी ओळ लागती. घरं किती झाली ठाव हाय? पाचशे एकतीस."

"मंग?"

"मंग एकोणीस घरं भाईर. तुमी बंद-चालू केलं की यादी नव्यानं भरती. भाईरची आत येतात आन् दुसरी एकोणीस भाईर पडतात. निम्मी मोबाइलवर भागवतात, बोलत न्हाईत. तुमी दुरुस्त करत न्हाई, अब्बा. नुसती माणसं बदलताय."

लय लागलं मला ते. तीन दिस मी शाबासकी घेत हुतो आन् दर शाबासकीला एकोणीस घरं भाईर ढकलत हुतो.

ती म्हणती, कोरेगावचे समदे नंबर एका रांगेत लावायचे, माधवनगरचे एका, उंब्रजचे एका. यादीत तीनच ओळी ऱ्हातात. हितनं हितपातूर कोरेगाव, संपला विषय. नवं घर आलं तरी त्या गावाच्या रांगेत बसतं, ओळ वाढत न्हाई. मी म्हणलं, त्यापेक्षा मोठा राउटर आणू. तर म्हणती, "त्योबी तुमी भरून टाकाल. जगातल्या दर हुसेनभाईनं अशीच हौस केली तर जगातल्या मोठ्या राउटरांना दर घराची ओळ लिवावी लागंल. इतकी मोठी वही कुणाकडंच न्हाई."

जगात माज्यासारखे आणखी किती हायत कुणास ठाव. असतील तर एकदा भेटाय आवडंल.

तिला सांगितलं, पोरींना मांडवात शब्द दिलाय. शब्द ह्यो शब्द. विषय बंद.

१३ डिसेंबर, शनिवार

टपरीवर कोंडीबा भेटला. पस्तीस वर्सं टपालात काढली त्यानं. वाटलं, आपल्या पिढीचा माणूस, माजी बाजू घेईल. समदं सांगितलं तर फिदीफिदी हसाय लागला.

"आरं गड्या, पोरगी कोरेगावला दिली आन् तिचा पिनकोड उंब्रजचाच ठिवला तर काय हुईल? आमी गावाच्या थैल्या बांधायचो. कोरेगावची थैली उचलायची, गाडीत टाकायची. आत कोण हाय ते कोरेगाववाला बघंल. तुज्यासारखी दर पोरीची खबर ठिवत बसलो असतो तर लग्नाची पत्रिका बारशाला पोचली असती."

अर्धा चहा तसाच ठिवून आलो. गद्दार हाय कोंडीबा.

१४ डिसेंबर, रविवार

आक्काचं परत बंद. राउटरच्या बटनाला हात लावला आन् तसाच थांबलो. आक्काला आत घेतलं तर भाईर कुणाला काढणार? ती कुणाची तरी आई असंल, कुणाचं पोरगं परीक्षेचा फारम भरत असंल. आजवर कवा हे डोक्यात आलं नव्हतं. रुक्सार बाजारला गेलती. माजा इचार करता करता साडेअकरा वाजले आन् ऋषिराजचा अर्धा तास संपला.

१५ डिसेंबर, सोमवार

पैल्या एसटीनं आक्का हापिसात हजर. डोळं सुजलेलं.

"हुसेना, खरं सांग. पोराला काय झालंय आन् तुमी समदे माज्यापास्नं लपवताय न्हवं?"

कालपास्नं पोटात अन्न न्हाई. माज्या बायकोनं, नूरजहांनं, तिला घरात नेली, पुढ्यात बसून दोन घास चारले. रुक्सारनं कुठनं कुठनं पत्ता काढून छावणीत निरोप धाडला. दुपारी उत्तर आलं, "आजीला सांगा, मी बरा हाय. खांब उघडत न्हाई."

आक्का पदरात तोंड घालून रडली. मी तिच्या पुढं पाटावर बसलो आन् खरं सांगितलं. म्हणलं, आक्का, चूक माजी हाय, नंबर मी तसे वाटले.

"मंग दुरुस्त कर की मुडद्या," आक्का म्हणली. "रडतोस काय बायकावानी!"

रुक्सारला सांगितलं, कर तुज्या मनासारखं. पर ज्यांना शब्द दिलाय त्यांच्या दारात आदी मी जाणार.

२० डिसेंबर, शनिवार

चार दिस कोरेगाव, माधवनगर पालथं घातलं. हिरवा सदरा घालून, हात जोडायच्या तयारीनं.

पैली गेलो संयोगिताकडं. माज्या आहेराची पैली मानकरी ती. माइकवरची टाळी अजून माज्या कानात हाय. तिला म्हणलं, बाळ, तुजा नंबर बदलावा लागतोय, माफ कर. तर म्हणती, "कसला नंबर, काका?"

गुलाबाचं कार्ड दाखव म्हणलं. तिनं लय हुडकलं. शेवटी खिडकीच्या फटीत सापडलं. वाऱ्यानं खिडकी वाजती म्हणून दुमडून घातलं हुतं. "नेट चाललं म्हंजे झालं, काका. च्या घेता का?"

पुढच्या घरीबी तसंच. त्याच्या पुढच्याबी. गिरणीवाला म्हणला, नंबर म्हंजे वायफायचा पासवर्ड का? एवढी वर्सं हे शब्दाचं वझं मी एकटाच वागवत हुतो की काय? घरी येऊन नूरजहांला सांगितलं तर तोंडाला पदर लावून हसली. मंग माज्या तोंडाकडं बघून हसायची थांबली.

"आवं, नंबराचं न्हाईच हे," म्हणली.

"मंग कशाचं हाय?"

"कशाचं न्हाई. जेवा."

काय बोलती तिचं तिला ठाव.

२१ डिसेंबर, रविवार

आक्काच्या घरी रुक्सारला घेऊन गेलो. आक्काच्या दाराच्या चौकटीवर निळ्या रंगानं नंबर रंगवलेला. ऋषिराजनं सुट्टीवर आल्यावर सवता रंगवला. पाचशे एकतीस घरांत नंबर जपणारी ही एकच निघाली, आन् तिचाच सांभाळता आला न्हाई मला.

"ह्यो बदलला तर माजं पोरगं मला कुठं हुडकंल?" आक्का म्हणली.

रुक्सार तिच्या पायाशी बसली. "आजी, आता त्यानं नंबर टाकायचाच न्हाई. 'रंगूबाई' असं नाव टाकायचं. नावापुढं कुठला नंबर हाय ते आमी एका येगळ्या यादीत लिवून ठिवणार. उद्या तुमी उंब्रजला परत आला तर नंबर उंब्रजचा लागंल, नाव तुमचंच."

आक्कानं लय येळ इचार केला. "म्हंजे त्यानं नावानं हाक मारायची आन् मी आसंन तितनं ओ द्यायची?"

"व्हय, आजी."

"आगं मंग ह्यात नवीन काय हाय? आमी जन्मभर हेच करतोय." मंग माज्याकडं वळली. "पर हुसेना, आदी तुज्या लेकीचा बदल. मंग माजा."

येताना गाडीत रुक्सार गाणं गुणगुणत हुती. मी पितळेच्या पाटीचा इचार करत गाडी चालवली.

२ जानेवारी, शुक्रवार

कराडहून पाटी आली. काय चकाकती! रुक्सारचा आख्खा नंबर, शेवटी ठळक सतरा. गाद्यांच्या थप्पीत लपवली. रुक्सार दिसभर कॉम्प्युटरवर मान मोडून काम करती, आन् मधनंच लग्नाच्या साड्यांचे फोन घेती. तिच्या जेवणाचा डबा मीच नेतो हापिसात. चार घास खाल्ले का न्हाई बघतो. पुढच्या म्हैन्यात कुणाचा डबा नेणार मी?

९ जानेवारी, शुक्रवार

झालं एकदाचं. हप्ताभर थोडे थोडे करत समदे नंबर बदलले. आज यादी उघडली तर तीन ओळी. तीन! पाचशे एकतीसच्या जागी तीन. एकाचा फोन न्हाई, एकाची तक्रार न्हाई. पोरगी खुर्चीत मागं रेलली, डोळं मिटले, आन् मला माज्या अम्मीची आठवण झाली, पोळ्या झाल्यावर अशीच टेकायची. गालावर हात फिरवावा वाटला. म्हणलं, "बरं केलंस."

ती जेवाय गेल्यावर मी एक काम केलं. लिवतो हितं, दुसरीकडं सांगायची सोय न्हाई. सतराची ओळ हातानं परत घातली. सतरा नंबर माधवनगरला, झिशानच्या घराकडं. बाकी समद्यांचे गावच्या रांगेत, एकीचा तेवढा येगळा. पाचशे बारा बसतात, चार झाल्या. एक ओळ काय जड हाय?

११ जानेवारी, रविवार

आक्काकडं गेलो. अकराला पाच कमी असताना आक्का खांबापुढं बसली. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. मला म्हणली, "लेकीचा बदललास न्हवं?"

"व्हय आक्का," म्हणलं. सरळ तोंडावर खोटं बोललो.

अकरा वाजले. अकरा वाजून एक मिंट. आक्कानं माजा हात धरला. अकरा वाजून दोन मिंटांनी खांब बोलला, "आजे! नुसतं नाव टाकलं आन् लगीच दिसलीस की गं!"

"मंग, दिसणार न्हाई तर काय! वाळलास किती रं!"

खांबावरनं तिला पोरगं कुठं दिसतंय? तरी म्हणली. मी भाईर येऊन पायरीवर बसलो. डोळं पुसले. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं का आनंद झाला, काय कळना.

२५ जानेवारी, रविवार

निकाह झाला. "कबूल" म्हणताना रुक्सारचा आवाज जरासुदीक हालला न्हाई.

जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणलं, हुसेनभाई, जगाच्या पोरींना नंबर दिलेसा, आता लेकीला काय? मी उठणार, तेवढ्यात रंगूबाई आक्का माइकपाशी. कोरेगावहून खास आलती.

"ह्या हुसेनानं काय केलं ठाव हाय का?" म्हणली. "आदी सवताच्या लेकीचा नंबर बदलला, मंग दुसऱ्याच्या आईबहिणीचा. सरळ माणूस हाय. टाळ्या वाजवा."

लोकांनी लय टाळ्या वाजवल्या. आजवर इतक्या मांडवांत टाळ्या घेतल्या, पर असं कवा झालं नव्हतं. पाटी पिशवीत हुती. पिशवी खुर्चीखाली सारली.

चारला पाठवणी झाली. रुक्सार माज्या गळ्यात पडली, कानात म्हणली, "गोळी घ्या टायमावर." गाडी हायवेला लागली तशी मी मांडवात परत गेलोच न्हाई, सरळ हापिसात आलो. यादी उघडली. चार ओळी. सतराची ओळ काढाय गेलो तर त्या ओळीच्या शेजारी, टीप लिवायची जागा असती तितं, काहीतरी लिवलेलं. मी न्हाई लिवलं. इंग्रजी अक्षरांत, पर मराठी. तारीख बारा जानेवारीची.

"ही ओळ अब्बांची हाय. त्यांनीच काढायची. माज्या घरी माधवनगरचा नंबर लावून ठिवलाय. सतरा उंब्रजच्या रांगेतला हाय, त्यो अब्बांच्या कॉम्प्युटरला द्यायचा."

तिला समदं ठाव हुतं. तेरा दिस ठाव हुतं आन् एक शब्द बोलली न्हाई. माजी पोरगी गेली हो. नूरजहां बरोबर म्हणत हुती, नंबराचं न्हवतंच हे.

ओळ काढली. यादीत तीन ऱ्हायल्या. सतरा माज्या कॉम्प्युटरला लावला. पिशवीतनं पितळेची पाटी काढली आन् माज्या टेबलाच्या वर भिंतीला ठोकली. जराशी वाकडी बसलीय.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून हापिसात आलो. समोरचं टेबल रिकामं. काम काय न्हाई, समदं चालतंय.

कॉम्प्युटरवर हाक मारून बघायची एक सोय असती. नाव टाकलं की पलीकडच्या घरचं यंत्र "हाय" म्हणून उत्तर देतं. मी "रुक्सार" टाकलं. माधवनगरनं उत्तर आलं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. तार चांगली हाय. परत टाकलं. आलं. चहा आला, त्यो पिऊन परत टाकलं. तार तपासत ऱ्हायलेली बरी असती.

दोन वाजता फोन वाजला.

"अब्बा, सतरा नंबरनं सकाळपास्नं चाळीसदा हाक मारलीय. माज्या हितं समदं दिसतंय."

"तार तपासत हुतो."

"बरी हाय का तार?"

"चांगली हाय," म्हणलं. "लय चांगली हाय."

मंग म्हणली, "जेवलासा का?"

"जेवलो."

"अम्मीला इचारू?"

न्हाई जेवलो म्हणलं. फोन ठिवला, कुलूप लावलं आन् घरी जेवाय गेलो.